हिरव्या गाठीचा दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. तारापूरजवळच्या एका कोळीवाड्यात आज माझ्यावर ओले कपडे वाळतात. हसू नका, कधीकाळी मी एका माणसाचा जीव सांभाळत होतो.

तो माणूस नीलेश. पाठीला हवेची टाकी बांधून खोल समुद्रात बुडी मारून तो हरवलेले नांगर काढायचा, अडकलेली जाळी सोडवायचा. खोल पाण्याच्या दाबाने श्वासातला वायू रक्तात मुरतो. सावकाश वर आलं तर तो निघून जातो. झटकन आलं तर सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे अंगात बुडबुडे होतात. म्हणून वर येताना नीलेश माझ्या एकेका गाठीला धरून थांबायचा. गाठी मारल्या होत्या त्याच्या बायकोने, मंगलाने. जाळी विणणारा हात तो, गाठ सुटायचं नाव नाही! सगळ्यात वरच्या गाठीपाशी सर्वांत जास्त थांबायचं, म्हणून तिथे तिने आपल्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधली. "हितं घाई करायची नाय हां," ती बजावायची.

होडीवर माझं टोक धरायचे नीलेशचे काका, धर्माजी. त्यांचा जन्म मासेमारीत गेलेला. दोर जड लागला की ओढायचा, हे त्यांच्या हातात भिनलेलं. एके दिवशी वारा उठला, होडी हेलकावू लागली. नीलेश हिरव्या गाठीपाशी थांबला होता. पाण्याला ओढ होती, म्हणून त्याने मनगटाला माझा वेढा घेतला होता. काकांना मी जड लागलो. "पोर अडकला!" म्हणत त्यांनी मला भराभर वर ओढलं. मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती हो!

"काय नाय झाला, काका," नीलेश हसून म्हणाला. संध्याकाळी खांदा ठणकू लागला. हे ते बुडबुडेच, ते पुन्हा विरवणाऱ्या दाबाच्या खोलीत उपचार घ्यायला लगेच मुंबई गाठायला हवी, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण काकांना बोल लागेल म्हणून तो गप्प राहिला. मंगलाला म्हणाला, "वारा लागलाय." बिचारी तेल चोळत बसली. सकाळी त्याचे पाय हलेनात. मग धावाधाव झाली, पण वेळ गेली ती गेलीच.

मित्रांनो, कुणाचा दोर तुमच्या हाती असेल, तर ओढण्याआधी खूण ठरवून घ्या. आणि दुखलं तर कुणाच्याही मायेपोटी लपवू नका.

मंगला हिरव्या गाठीवर कधी कपडा घालत नाही. रोज सकाळी उभं राहायला नीलेश तीच गाठ धरतो आणि अर्ध्यावर दमतो. शेजारी उभ्या काकांचे हात शिवशिवतात.

"वढू का रे?"

"थांब काका."

काका थांबतात. आता थांबून काय उपयोग? पण थांबतात.