वाचकसंख्या एक

इंटरनेटने साऱ्या जगाचं एक कुटुंब केलं आहे. खरंच आहे, कुटुंबात चालतं तसंच चालतं. एक ढेकर देतो, दुसरा ताट चाटतो, आणि भांडी कोणी घासायची हा विषय निघाला की सगळे हात धुवायला उठतात.

मास्तर ताट चाटणाऱ्यांतले. पेशाने शिंपी. मुलगा परदेशात वेल्डिंगच्या कामाला गेला आणि दुकानातलं दुसरं मशीन थांबलं. ‘परत ये’ असं तोंडाने म्हणणं मास्तरांच्या जिवावर यायचं. बापानेच लेकाच्या पोटावर पाय कसा द्यायचा? म्हणून त्यांनी ब्लॉग काढला. बाहीसाठी मुंढा कसा कापावा, गिऱ्हाइकाचा उतरता खांदा कसा झाकावा, असं काही लिहायचं आणि शेवटी न चुकता एक ओळ: ‘दुसऱ्या मशीनला तेल घालून ठेवलं आहे.’ शहाण्याला तेवढं पुरे.

नेटचा पॅक असा महाग, की त्यापायी मास्तरांनी चहा सोडला. तिकडे मात्र स्वस्त असणार, श्रीमंत देश तो, असं ते धरून चालले होते.

“अहो, त्यापेक्षा दारू प्या,” बायको म्हणाली. “चार माणसं तरी जमतील भोवती.”

“मला वाचक आहे.”

होताच. मजकूर टाकून दुसऱ्या दिवशी उघडून बघावं, तर आकडा एकाने वाढलेला. एकदा राहवेना म्हणून संध्याकाळी परत उघडलं, तर आणखी एक. पोरगं दोनदा वाचतंय! त्या आनंदात मास्तरांनी एका अनोळखी पँटला फुकट रफू करून दिलं.

मग मुलाचा फोन आला.

“बाबा, करार वाढवला. आणखी तीन वर्षं. आत्ताच सही केली.”

मास्तरांचा हात कात्रीवरच राहिला. “अरे, पण तू वाचतोस ना?”

“काय?”

“माझा ब्लॉग.”

“इथं नेट कुणाला परवडतंय? आठवड्याची मजुरी जाते त्यात. हा फोनसुद्धा मुकादमाचा आहे, पटकन बोला.”

“मग रोज वाचायला येतो तो कोण?”

“तुम्ही उघडून बघता का?”

“बघतो की.”

“मग तुम्हीच ते! आपलं आपण उघडलं तरी मोजतात, बाबा.” मुलगा मनापासून हसला. “एक सांगू? ते दुसरं मशीन गंजलं असेल आता. विकून टाका ना.”

“गंजलं नाही रे,” मास्तर म्हणाले. फोन तोवर तुटला होता.

“काय म्हणतोय?” बायकोने आतून विचारलं.

“मजेत आहे.”

मास्तरांनी कापडावर खडूने रेघ मारली, पुसली, आणि पुन्हा तिथेच मारली.

वर्षभराने तिकडे कामगारांच्या खोल्यांवर नेट आलं, तेही फुकट. मुलगा त्यावर कुस्त्या बघतो.