मातृछाया आणि ओरिजिनल मातृछाया

विजयसिंहमामांचा एक नियम आहे. प्रवासात जेवायचं तर घरगुती हॉटेलातच. जिथे मालकाची बायको भाकरी थापते, मालकाचा भाऊ वाढतो आणि मालक दारात उभा राहून रस्त्यावरच्या गाड्यांकडे आशेनं बघतो, तिथंच. कारण घरचं माणूस फसवत नाही, असं मामा म्हणतात. मामांचा सख्ख्या धाकट्या भावाशी अकरा वर्षं कोर्टात दावा चालू आहे. हे दोन्ही विचार त्यांच्या डोक्यात शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

या नियमापायी मी बीड जिल्ह्यातलं बरंच घरगुती खाल्लंय. एका ठिकाणी मालकाच्या सासऱ्याचं तेरावं चालू होतं, आम्हाला सरळ पंगतीत बसवलं. दुसऱ्या ठिकाणी नवरा-बायकोचं भांडण मिटेपर्यंत भाजी मी ढवळली. घरगुती म्हणजे आपल्या घरात जे चालतं तेच, फक्त अनोळखी लोकांचं. त्यासाठी पेट्रोल जाळून जायचं असतं.

त्या दिवशी मात्र मला असल्या गमती परवडणाऱ्या नव्हत्या, कारण आम्ही मुलगी बघायला चाललो होतो. मी एकतीस वर्षांचा, उमापूरचा, ठिबकचे पाइप विकतो. हे सतरावं स्थळ. आधीच्या सोळांपैकी बहुतेकींना पुण्यात नोकरी असलेला हवा होता, काहींना पुण्यात फ्लॅट असलेला. एकीनं तर कारण सांगायचीही तसदी घेतली नाही. तिच्याबद्दल मला अजून आदर आहे.

सतरावी तेजश्री. आष्टीत एका मेडिकलमध्ये औषधं देते. तिच्याशी फोनवर बारा मिनिटं बोललो होतो. तिनं विचारलं, तुमाला काय आवडतं? हा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता. तयारी नसल्यामुळे मी खरं ते सांगून बसलो, की झोप. ती म्हणाली, मलापण. या एका शब्दावर मी आठवडाभर दिवसातून दोन वेळा दाढी करत होतो.

हल्ली आमच्याकडे पहिली भेट बाहेरच ठरवतात. घरी गेलं की अख्खं गाव गाडी बघतं आणि नकार मोजतं. म्हणून उमापूर आणि आष्टीच्या मध्ये, शिरूर कासारच्या जरा अलीकडे, एक हॉटेल ठरलं. मामांनीच ठरवलं. चार वर्षांपूर्वी तिथं येसरची, म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्याच्या पिठाची, आमटी खाल्लेली त्यांना आठवत होती. हॉटेलचं नाव मातृछाया.

चार वर्षांत मातृछायेची वाटणी झाली होती. पत्र्याचं शेड एकच, पण डावीकडे पाटी ‘मातृछाया’ आणि उजवीकडे ‘ओरिजिनल मातृछाया’. मधून जमिनीवर फक्की मारलेली, कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी. रेघेवर बाज टाकलेली आणि बाजेवर खुद्द माता, केसरबाई, आडव्या. डोकं धाकट्याच्या हद्दीत, पाय थोरल्याच्या.

थोरला सोमेश्वर. त्यानं आम्हाला सगळं नीट समजावून सांगितलं, जणू आम्ही तलाठी होतो. चूल, तवा, भाकरी आणि ठेचा त्याच्याकडे. पातेलं आणि आमटी धाकट्या सटवाकडे. टेबलं थोरल्याला, खुर्च्या धाकट्याला. दोघं एकमेकांच्या हद्दीत ताट नेत नाहीत. गिऱ्हाइकानं स्वतःच्या हातानं नेलं तर हरकत नाही, पंचांनी तेवढी सूट ठेवली होती. मी विचारलं, पंच शुद्धीवर होते का? सोमेश्वर म्हणाला, पंच आमचे सख्खे चुलते.

मामांना हा कारभार मनापासून पटला. ते स्वतः थोरले. त्यांनी एकदाही इकडेतिकडे न बघता थोरल्याची बाजू धरली आणि एका टेबलावर चढून बसले, कारण खुर्च्या नव्हत्या. मी शेजारी बसलो. दोघांचेही पाय लोंबकळत होते. मी नवा पांढरा शर्ट घातला होता. न्हाव्याकडे नंबर लावून बसल्यासारखे आम्ही दिसत असणार.

दहा मिनिटांनी तेजश्री आणि तिचे वडील हरिबा आले. हरिबा पाच भावांत धाकटे. त्यांनी पाट्या वाचल्या, सटवाकडून दोन मिनिटं हकिगत ऐकली, मान हलवली आणि धाकट्याच्या खुर्चीवर जाऊन बसले. तेजश्री त्यांच्या शेजारी. तिकडे टेबलं नव्हती, म्हणून आमटीच्या वाट्या मांडीवर.

आता परिस्थिती अशी. मुलाकडच्यांपुढे कोरड्या भाकरी आणि चिमूटभर ठेचा, मुलीकडच्यांपुढे नुसती आमटी. मध्ये पाच पावलांचं अंतर, फक्कीची रेघ आणि एक म्हातारी.

“पाव्हणं, इकडं या की,” हरिबा म्हणाले. “आमटी लई झाक हाय.”

“तुमीच या,” मामा म्हणाले. “भाकरी गरम हाय.”

मग कुणीच हललं नाही. मामा माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, आपण मुलाकडचे, आपण उठायचं न्हाई. तिकडे हरिबाही मुलीच्या कानात काहीतरी सांगत होते. ऐकू आलं नाही, पण मजकूर तोच असणार, फक्त उलट्या बाजूनं. वीस मिनिटांपूर्वी ज्या वाटणीचं नावही माहीत नव्हतं, तिच्यासाठी हे दोन गृहस्थ आता हुतात्मे व्हायला तयार होते. एकानं कोरडी भाकरी चावली, दुसऱ्यानं आमटी चहासारखी फुंकून प्यायली. दोघांनाही ठसका लागला. पाणी मात्र दोघांकडे होतं. पाण्याची वाटणी पंचांच्या ध्यानातून राहून गेली असावी.

बघण्याचा कार्यक्रम रेघेवरूनच सुरू झाला. मामा ओरडून विचारायचे, शिक्षण किती? मधून एक ट्रक जायचा. हरिबा ओरडून सांगायचे, डी. फार्मसी. पुन्हा ट्रक. मग हरिबांनी विचारलं, विहिरीला पाणी किती दिवस पुरतं? मामा म्हणाले, बारमाही. हे खोटं होतं, पण ट्रकनं निम्मं नेलं. सोमेश्वर आणि सटवा आपापल्या हद्दीत हात बांधून उभे होते. दोघांच्या तोंडावर सारखंच समाधान होतं. जन्मात पहिल्यांदा त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं असावं.

तेजश्री माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे हसत होते, म्हणजे सुरुवातीला तरी. मी टेबलावरून पाय हलवून दाखवले. इतक्या अंतरावरून दुसरं काय करणार? मला तेव्हा हे सगळं लई विनोदी वाटत होतं. गावात सांगायला किस्सा मिळाला, असं मनात चाललं होतं. आपण किश्श्याच्या बाहेर आहोत अशी माझी पक्की समजूत होती.

शेवटी केसरबाईंनी मान वळवली. त्यांनी मामांकडे पाहिलं नाही, हरिबांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

“ऊठ की लेकरा,” त्या म्हणाल्या. “आमटी निवतीय.”

मी मामांकडे बघितलं. मामांनी भाकरीचा तुकडा मोडला. मी बसून राहिलो.

मग तेजश्री उठली. वाटी खुर्चीवर ठेवली, केसरबाईंच्या पायाकडून वळसा घालून रेघ ओलांडली, सोमेश्वरच्या टोपलीतून दोन भाकरी घेतल्या. हरिबा कपाळाला हात लावून बसले. परत जाताना ती माझ्यापुढे थांबली. तिच्या ओढणीला आमटीचा एक थेंब लागला होता. इतक्या जवळून मी तिला पहिल्यांदाच बघत होतो.

“तुमाला आणू का आमटी?”

सोपा प्रश्न होता. उत्तर एका शब्दाचं होतं आणि तो शब्द मला येत होता. मी पुन्हा मामांकडे बघितलं. मामा पत्र्याकडे बघत होते. पत्र्यावर काही नव्हतं.

“नको,” मी म्हणालो. “ठेचा चांगला हाय.”

तिनं ठेच्याकडे पाहिलं. माझ्या ताटातला ठेचा संपून पंधरा मिनिटं झाली होती.

ती गेली आणि निवांत जेवली. भाकरी कुस्करून, बोटं चाटून, कुणाकडेही न बघता. एक भाकरी तिनं वडिलांना दिली आणि त्यांनी ती अपमान झाल्याच्या चेहऱ्यानं संपूर्ण खाल्ली. मला तेव्हा कळलं की किस्सा संपत आलाय आणि त्यात मी आहे. ती हात धुवायला उठली तसा मी टेबलावरून उतरलो. मामा खोकले. मी हातातल्या अर्ध्या भाकरीसकट रेघ ओलांडली. फक्की बुटाला लागली, बाकी काही झालं नाही.

नळापाशी ती हात पुसत होती. मी म्हणालो, आलो.

“पाच पावलं हायत,” ती म्हणाली. “पाऊण तास लागला तुमाला.”

“मामांचं जरा असं असतं की—”

“मामांचं लग्न झालंय ना?”

मी हो म्हणालो.

“मग त्यांचं कावून सांगताय?”

मी हातातली अर्धी भाकरी दुसऱ्या हातात घेतली.

हरिबा उठले, टोपी नीट केली आणि मला, मामांना आणि दोन्ही मातृछायांना उद्देशून म्हणाले की घरी विचार करून कळवतो.

“कळवायचं काय त्यात, बापू?” तेजश्री म्हणाली. “न्हाई म्हणून आत्ताच सांगा. त्यांना परत जायचंय.”

आवाजात राग नव्हता. मेडिकलमध्ये एखादी गोळी शिल्लक नसल्याचं सांगतात, तसा आवाज होता. केसरबाईंच्या डोक्याशी वाकून तिनं नमस्कार केला आणि दोघं मोटारसायकलवरून आष्टीकडे गेली.

“पोरगी आगाव हाय,” मामा टेबलावरून म्हणाले. “सुटलास बे.”

मी तिच्या खुर्चीवर बसलो. सटवानं न विचारता आमटीची वाटी हातात दिली. ती निवली होती. मी उरलेली भाकरी तिच्यात कुस्करली. शेवग्याची शेंग, भाजलेल्या डाळी-धान्याचा तो खमंग वास, वर तेलाचा तवंग. इतकी चांगली आमटी मी कुठेच खाल्लेली नव्हती, आणि याचा मला भयंकर राग आला.

“कशी हाय?” मामांनी विचारलं.

मी जेवत होतो.

“अमरसिंह, कशी हाय म्हणतो? आण की वाटीभर इकडं.”

तोंडात घास होता. पुढचा घासही मी मोठाच घेतला.