कोणतीही एक मांडणी

फोटोवाल्या बाईंनी चौथ्यांदा हात वर केला, तेव्हा सर नाइलाजाने खुर्चीवरून उठले आणि संगणकांच्या दोन रांगांमधून वाट काढत त्यांच्यापाशी गेले. पडद्यावर लाल अक्षरांत ‘चूक’ असं उमटलं होतं. त्याच्या वर तोच शब्द आणखी पाच वेळा.

“सर, कुठे चुकतंय तेवढं सांगा.”

“तसं सांगता येत नाही. प्रश्न नीट वाचा.”

“वाचला.”

“मग आणखी एकदा वाचा,” सर म्हणाले आणि परत फिरले.

प्रोग्रॅमिंगच्या वर्गात प्रवेश देण्यासाठी नवशिक्यांची ही स्पर्धा होती. माणसं चाळीस, दहा-दहाच्या चार तुकड्या, प्रश्न तीन, जागा बारा. बाईंचा चौकात फोटो स्टुडिओ होता. ज्याच्या त्याच्या हातात फोन आल्यापासून त्या तिथे माश्या मारत बसल्या होत्या. अर्ज भरताना त्यांनी कुणी न विचारता सांगून टाकलं होतं, की पुढच्या वर्षी त्या वयाच्या अटीत बसणार नाहीत. या खेपेला जमलं तर जमलं.

तिसरा प्रश्न सरांचा स्वतःचा होता, आयुष्यात काढलेला पहिलाच. काही आकडे दिले आहेत, ते असे मांडणारा प्रोग्रॅम लिहा की प्रत्येक आकडा आपल्या दोन्ही शेजाऱ्यांहून मोठा असेल किंवा दोघांहूनही लहान. कडेच्यांना शेजारी एकच. खाली उदाहरण होतं: एक, पाच, दोन, चार, तीन. आणि त्याखाली एक वाक्य: ‘कोणतीही एक मांडणी चालेल.’ हे वाक्य सरांनी आठ वेळा खोडून लिहिलं होतं आणि त्याचा त्यांना मनातल्या मनात अभिमानही होता.

दुपारी बाराला यादी दारावर लागली. बाईंनी ती वाचली, पर्समधून चष्मा काढून पुन्हा वाचली, चष्मा परत ठेवला आणि जिना उतरून गेल्या.

जेवणाच्या सुट्टीत सरांनी डबा उघडला आणि एका हाताने बाईंची उत्तरं पडद्यावर आणली. हेतू फारसा चांगला नव्हता. बरोबरच्या मास्तरांना सांगायला एखादा विनोद मिळाला तर बघावं, इतकंच. सहाही वेळा मांडणी एकच होती. बाईंनी मधल्या रिकाम्या जागा, ओळी, असलं काहीबाही बदलून पाहिलं होतं, आकड्यांना हात लावला नव्हता. उदाहरणातलेच आकडे त्यांच्या प्रोग्रॅमने असे लावले होते: पाच, एक, चार, दोन, तीन.

सरांनी पडद्यावर बोट ठेवलं. पाच हा एकाहून मोठा. एक दोघांहून लहान. चार दोघांहून मोठा. तीनपर्यंत पोचले आणि हातातला घास त्यांनी डब्यात परत ठेवला.

उत्तरं तपासणारा प्रोग्रॅमही सरांनीच लिहिला होता. तो प्रत्येक उत्तर सरांच्या उत्तराशेजारी ठेवायचा आणि जराही वेगळं दिसलं की चूक म्हणायचा. ‘कोणतीही चालेल’ हे सरांनी माणसांना सांगितलं होतं, यंत्राला सांगायचं राहून गेलं होतं. बाकीच्यांचं निभावलं, कारण त्यांनी उदाहरणाची री ओढली: आधी सर्वांत लहान, मग सर्वांत मोठा, असं आलटून पालटून. ते वाक्य खरं मानलं होतं एकट्या बाईंनी.

कुणी तक्रार केली नव्हती. मूग गिळून बसले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. सरांनी डब्याचं झाकण लावलं आणि दहा मिनिटं तसेच बसून राहिले. त्यांना लाज वाटत होती. चुकीपेक्षा जास्त, ‘आणखी एकदा वाचा’ म्हणाल्याची.

“कुणी काही म्हणालंय का?” मॅडमनी सगळं ऐकून विचारलं. वर्ग त्यांचा होता.

“नाही.”

“मग कशाला अंगावर ओढवून घेताय?”

“त्यांचं उत्तर बरोबर आहे, मॅडम. नव्याने तपासलं तर त्या चौथ्या येतात.”

“आणि बारावा? आत्ताच आईला फोन करून पेढ्यांचं सांगत होता तो. त्याला कुठल्या तोंडाने काढू? खोलीत संगणक तेरा, खुर्च्या तेरा. त्यातला एक संगणक आणि एक खुर्ची तुमची.”

“ती दोन्ही बाईंना द्या.”

“आणि तुम्ही? वर्षभर?”

“फळा आहे की.”

मॅडमनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. “सूचना तुम्हीच लिहा. चूक कुणाची, तेही लिहा.”

सरांनी जाड पेनाने लिहिलं, खाली सही केली आणि कागद दारावर चिकटवला.

स्टुडिओत बाई एका कुटुंबाला पडद्यासमोर उभं करत होत्या. “काका, तुम्ही उंच आहात, कडेला या. ताई, तुम्ही त्यांच्या आत.” फोटो झाला, माणसं गेली. सरांनी वाटेत जुळवलेली माफी आयत्या वेळी आठवेना.

“तुमचं उत्तर बरोबर होतं,” ते एवढंच म्हणाले.

“ठाऊक आहे.” बाई कॅमेऱ्याची काच पुसत होत्या.

“मग भांडला का नाहीत?”

“तुम्ही वाचा म्हणालात, मी वाचलं. कोणतीही चालेल, असं लिहिलं होतं. मला वाटलं, लिहिणाऱ्यानं तरी वाचलं असेल.”

सरांनी विचारलं, “पण मोठा आधी का? उदाहरणात तर लहान होता.”

“लहान कडेला ठेवला की तो फोटोतून कापला जातो. वीस वर्षं माणसं अशीच उभी करतेय.”

“सोमवारपासून या,” सर म्हणाले. “तुमची जागा झालीय.”

बाई पडद्याकडे वळल्या, तो सरळच होता तरी बराच वेळ सरळ करत राहिल्या. मग नाक पुसून मागे वळल्या आणि फोटोसाठी ठेवलेली खुर्ची सरांपुढे ओढली.

“उभे का? बसा ना.”

“नको,” सर म्हणाले. “सवय करतोय.”