सहावा फर्मा

थोरल्या नातीचं, तेजस्विनीचं लग्न झालं ते २०२३ साल. लग्नाला सहा महिने होऊन गेले होते आणि द्वारकाबाई कसब्यातल्या वाचनालयाच्या काउंटरवर एक कार्ड ठेवून भांडत होत्या.

"अकरा शिक्के झाले. बारावं घर माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. तेवढं बदलून दे."

"आजी, असं बदलता येत नाही हो," ग्रंथपाल आम्रपाली म्हणाली. "चॅलेंज सगळ्यांना सेम आहे."

कार्डावर बारा घरं होती आणि प्रत्येक घरात एक अट. त्या अटीत बसणारं पुस्तक शोधायचं, वाचायचं, आम्रपालीला चार वाक्यांत सांगायचं, की शिक्का. डिसेंबरच्या शेवटपर्यंत मुदत. नदीचं पुस्तक द्वारकाबाईंना लगेच मिळालं. आपल्या वयापेक्षा जुनं पुस्तक शोधायला आठवडा गेला. 'ज्यात कुणी मरत नाही असं पुस्तक' या घराने मात्र त्यांना रडकुंडीला आणलं. चार पुस्तकं वाचली, चारही वेळा शेवटच्या पाच पानांत कुणीतरी गेलंच. शेवटी त्यांनी भाज्यांच्या लागवडीचं पुस्तक आणून ठेवलं होतं. "ह्यात फकस्त मावा मरतो," असं त्या म्हणाल्या आणि आम्रपालीने हसत शिक्का मारला.

बारावं घर होतं, 'अर्धवट सोडलेलं पुस्तक पूर्ण करा.'

"मी एकबी पुस्तक अर्धं टाकलेलं न्हाई. साठाव्या वर्षी अक्षरं शिकले. एकेक वळ बोट ठिवून वाचायची, आन् मग अर्ध्यात सोडायचं व्हय?"

"मग एखादं मुद्दाम सोडा."

"उष्टं टाकल्यावानी? जमायचं न्हाई."

वर्तमानपत्राच्या टेबलावरून एक काठी आपटली. यज्ञेश्वर मास्तर. शाळेतून निवृत्त होऊन पंचवीस वर्षं झाली होती, पण समोरच्याला बाकावर उभं करण्याची सवय गेली नव्हती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तरी रोज येऊन पेपर नाकाला लावून बसायचे.

"द्वारकाबाई, माझं घ्या. अठ्ठावीस वर्षं अर्धवट पडलंय. आम्रपाली, ते विहिरीवालं दे गं यांना."

आम्रपालीने आतल्या कपाटातून एक बारीकशी कादंबरी आणली. कापडी पाठ, विटका पुठ्ठा. मास्तर म्हणाले, "ऐंशीव्या पानावर हा माणूस गाळ काढायला विहिरीत उतरतो. दोर तुटतो. पुढची सोळा पानं गायब. सत्त्याण्णवव्या पानावर पाहावं तर साहेब मुलीच्या लग्नात जिलबी वाढताहेत आणि ढसाढसा रडताहेत! वर आले कसे, ते देवाला ठाऊक नाहीतर त्या बाइंडरला. दुसऱ्या प्रतीसाठी सगळं पुणं पालथं घातलं. छापणारा बंद, लिहिणारा बेपत्ता."

द्वारकाबाईंनी पुस्तक उघडलं. पासष्ट ते ऐंशी ही पानं एकदा होती आणि लगेच पुन्हा होती. दुसऱ्या ऐंशीच्या खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'पुढील सोळा पाने नाहीत. बाइंडर जेवायला गेला होता काय?'

त्यांनी दोन पानांच्या मधली शिवण बोटाने चाचपली. गाठ उलट्या अंगाला बसलेली होती. त्यांच्या अख्ख्या बाइंडिंगच्या कारखान्यात अशी गाठ एकाच बाईची बसायची, कारण डावखुरी एकच होती.

"घिऊन जाते," त्या हळूच म्हणाल्या आणि पुस्तक पिशवीत घातलं.

विश्रांतवाडीच्या बसमध्ये त्यांचं कशातच लक्ष नव्हतं.

या वाचनालयाच्या मागच्याच बोळात एक बाइंडिंगचा कारखाना होता. द्वारकाबाईंनी तिथे बत्तीस वर्षं काढली. छापलेला मोठा कागद घडी घालून सोळा पानांचा करायचा, तो एक फर्मा. असे फर्मे गठ्ठ्यांनी ओळीत मांडायचे आणि बायांनी चालत चालत प्रत्येक गठ्ठ्यावरचा एकेक उचलून पुस्तक जुळवायचं, मग शिवायचं. वाचता येत नव्हतं, पण फर्म्याच्या पायथ्याला छापलेला आकडा त्यांना ओळखता यायचा. तेवढ्यावर हजारो पुस्तकं त्यांच्या हातून गेली.

पंचाण्णव साली एका संध्याकाळी आवरताना पाहिलं, तर सगळे गठ्ठे संपले होते, पाचव्याचा छापखान्याने दिलेला जास्तीचा फर्माही, आणि सहाव्याचा एक तेवढा उरला होता. म्हणजे कुठल्यातरी पुस्तकात पाचवा दोनदा गेला होता आणि सहावा गेलाच नव्हता. कुठल्या, ते शोधायला पुस्तकं हातात नव्हती. शिवून, दाबून, कडा कापून ती टेम्पोत चढली होती. त्याच आठवड्यात अशाच चुकीसाठी मालकांनी सोबतच्या विजयमालाला घरी बसवलं होतं. द्वारकाबाईंचा धाकटा, आनंद, तेव्हा चौथीत होता आणि नवरा अंथरुणावर. त्यांनी तो फर्मा डब्याच्या पिशवीत घातला आणि घरी आणला. फेकायचा म्हटलं तर हात धजेना. अक्षरं होती त्याच्यावर. मग ट्रंकेच्या तळाशी, लुगड्यांखाली.

घरी आल्या आल्या त्यांनी माळ्याला शिडी लावली.

"आई, काय करताय? खाली उतरा आधी!" सून नम्रता ओरडली.

"ट्रंक काढ."

"तेजूच्या लग्नात काढलीच होती की. तुमचं शालू-बिलू सगळं बाहेर आहे."

"तळाचा कागद?"

"तो पिवळा? तसाच ठेवला. तुम्ही रद्दीला हात लावू देता का कधी!"

फर्मा होता. डांबरगोळीचा वास, कडा तांबूस झालेल्या, पण घडी जशीच्या तशी. वरची आणि बाजूची कड अजून न कापलेली, त्यामुळे पानं एकमेकांना जोडलेली. आत काय लिहिलंय ते अठ्ठावीस वर्षांत कुणीच पाहिलेलं नव्हतं.

त्या रात्री त्यांचं जेवणात लक्ष लागेना. एक वाट सोपी होती. घरीच शिवून टाकायचं, शनिवारी गुपचूप परत द्यायचं. कुणाला कळणार होतं? वाचनालयात आता आम्रपाली त्यांना खुर्ची द्यायची. मास्तरांसारखा माणूस त्यांना विचारायचा, काय वाचताय. बत्तीस वर्षं त्या मागच्या बोळातून आल्या-गेल्या होत्या. पुढच्या दाराने आत जायला लागून जेमतेम सात वर्षं झाली होती. 'बाइंडर जेवायला गेला होता काय' म्हणून ज्याला मास्तर हसत आले, तो बाइंडर आपणच, हे सांगितलं की त्या खुर्चीत बसवेल का?

शनिवारी त्या गेल्या. पिशवीत पुस्तक, फर्मा, सुई, मेण लावलेला दोरा आणि घडीवर फिरवायची जुनी हाडाची पट्टी. थेट मास्तरांच्या टेबलाशी गेल्या आणि उभ्याच राहिल्या.

"मास्तर, तो बाइंडर जेवाया गेला नव्हता. मीच होते. पाचवा दोनदा उचलला. सहावा ह्यो बघा. नोकरी जाईल म्हणून लपवला."

मास्तरांनी फर्मा हातात घेतला. नाकाला लावला, वास घेतला. आम्रपाली काउंटरवर शिक्का धरून थांबली होती.

"अठ्ठावीस वर्षं मी त्या माणसाला विहिरीत ठेवलंय," मास्तर म्हणाले, "आणि तो तुमच्या ट्रंकेत?"

"व्हय."

"डांबरगोळ्या घालून?"

"व्हय."

"मग बसा की. उभ्या काय राहता? मला दिसत नाही. वाचा."

"मी? मोठ्यानं?" द्वारकाबाईंनी भिंतीवरच्या 'शांतता राखा' कडे पाहिलं.

"आम्रपाली, ती पाटी उलटी कर गं."

हाडाच्या पट्टीने त्यांनी एकेक कड सोडवली. कागद कुरकुरला. मग ओळीखाली बोट धरून वाचायला लागल्या. जोडाक्षराला अडखळत होत्या, मागे जाऊन पुन्हा घेत होत्या. मास्तरांनी एकदाही चूक काढली नाही. सोळा पानांना दीड तास लागला. विहिरीतल्या माणसाने हाका मारून घसा फोडला, पण मळ्यात कुणी मोठं माणूस नव्हतं. त्याची सात वर्षांची मुलगी होती. तिने आईचं वाळत घातलेलं लुगडं ओढून आणलं, आंब्याच्या बुंध्याला तिला येत होती तशी गाठ मारली, आणि दुसरं टोक आत सोडलं.

मास्तरांनी चाचपून पुस्तक जवळ ओढलं.

"म्हणून रडत होता होय लग्नात," ते म्हणाले. "आणि मी मूर्ख इतकी वर्षं समजत होतो, हुंड्यामुळे."

द्वारकाबाईंनी तिथेच जास्तीचा पाचवा फर्मा उसवून काढला आणि सहावा शिवला. गाठ उलट्या अंगाला. न कापलेला असल्याने तो बाकीच्या पानांपेक्षा बोटभर बाहेर राहिला. आम्रपाली कात्री घेऊन आली.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "कुठे काय झालं होतं ते लोकांना दिसू दे." जास्तीचा फर्मा त्यांनी स्वतःसाठी मागून घेतला. पहिल्या ऐंशीव्या पानाच्या खाली त्यांनी अंदाजाने पेन्सिल टेकवली आणि वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, 'पाने सापडली. बाइंडर स्वतः घेऊन आल्या.'

आम्रपालीने बाराव्या घरावर शिक्का मारला. मग थोडा विचार करून दुसरं कोरं कार्ड काढलं, त्याच्या बाराव्या घरावरही मारला आणि ते मास्तरांसमोर सरकवलं. मास्तर म्हणाले, "अकरा घरं मोकळी ठेवून शेवटचं भरणारा विद्यार्थी मी वर्गाबाहेर काढला असता." पण कार्ड खिशात घातलं.

जानेवारीत मास्तरांच्या डोळ्यांची ऑपरेशनं झाली. नव्या चष्म्याने त्यांनी ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटापर्यंत एका दमात वाचलं आणि फेब्रुवारीतल्या एका बुधवारी, परत करायच्या तारखेच्या एक दिवस आधी, स्वतः येऊन परत केलं. द्वारकाबाईंनी नवं कार्ड घेतलं होतं. त्याच्या पहिल्या घरात लिहिलं होतं, 'मित्राने सुचवलेलं पुस्तक.' मास्तरांनी एक सुचवलं. म्हणाले, शनिवारी या, कुठवर आलात ते सांगा.

शुक्रवारी, सोळा फेब्रुवारी २०२४ ला, रथसप्तमीच्या सकाळी यज्ञेश्वर मास्तर राहत्या घरी वारले.