बावन्न नावांचे पगारपत्रक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. आज मरोळच्या एका गोदामात पडून आहे. माझ्यावर धूळ साचली आहे, पण माझी तक्रार धुळीबद्दल नाही.

१९८५ साली अंधेरीच्या एका छोट्या कंपनीने मला विकत घेतले. कंपनी म्हणे संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणार होती. मालक नंदकुमार यांनी मला काचेच्या थंडगार खोलीत ठेवले. आत येणाऱ्याला चपला बाहेर काढाव्या लागत. सुलक्षणा नावाची मुलगी मला चालवी. माझा केवढा थाट होता! पण काम मात्र नव्हते. एका कारखान्यातल्या बावन्न कामगारांचे पगारपत्रक तेवढे माझ्यात भरले होते. तो कारखाना खोटा, ती नावेही खोटी. पाहुणे आले की सुलक्षणा तेच छापून दाखवी. लोक थक्क होत. कंपनीचा दहा रुपयांचा शेअर चाळीसवर गेला.

एके दिवशी वाकोल्याचे राजाराम आले. कापड गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवणारे, संपात नोकरी गेलेले. फंडाचे पैसे त्यांच्याजवळ होते, ते कंपनीच्या शेअरमध्ये घालावेत असा विचार होता.

"साचा बघितल्याशिवाय मी कापडाला हात लावत नाय," ते म्हणाले. "मशीन दाखवा."

माझ्या पडद्यावर हिरवी अक्षरे धावली. राजारामांनी विचारले, "हा कारखाना कुठला?"

"ते गुपित असतं," नंदकुमार हसले.

मग राजाराम सुलक्षणेकडे वळले. "पोरी, तू सांग. काम आहे ना खरंच?"

मालक शेजारीच उभे होते. सुलक्षणा माझ्या कळांकडे बघत म्हणाली, "हो काका. भरपूर आहे."

मला बोलता येत नव्हते. तिला येत होते.

चार महिन्यांनी राजाराम पेढे घेऊन आले. भाव साठवर गेला होता. मालक बाहेर होते.

"आमच्या चाळीत अकरा घरांनी शेअर घेतले," ते आनंदाने म्हणाले. "मी सांगितलं ना, डोळ्यांनी बघून आलोय!"

सुलक्षणेच्या हातातला पेढा तसाच राहिला. "काका, सगळं खोटं आहे. आजच विका."

"मग त्या दिवशी का नाय बोललीस?"

"साहेब होते ना. घरात माझाच पगार येतो, काका."

राजाराम पेढ्यांचा पुडा तिथेच ठेवून निघून गेले.

पुढचे मला त्यांच्या पत्नी जानकीबाईंकडून कळले. त्या महिन्याभराने आल्या, तेव्हा नंदकुमार पसार झाले होते. सुलक्षणा थकलेल्या पगारासाठी रोज येऊन बसे.

"ह्यांना गुपचूप विकता आले असते," जानकीबाई म्हणाल्या. "पण हे आधी अकरा घरी सांगत फिरले. दुसऱ्या दिवशी सगळे दलालाकडे गेले, तर घेणारा कोणी नाय. शेअर घेऊन भाव चढवणारी माणसं मालकाचीच होती म्हणे. आता चाळीत आमच्याशी कोण बोलत नाय. हे जेवत नायत."

सुलक्षणा रडू लागली. जानकीबाईंनी तिला शिव्या दिल्या नाहीत, जवळही घेतले नाही. मला क्षणभर न्याहाळून त्या निघून गेल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राचा थाट पाहून भुलू नका. ते कोणाचे काम करते, हे विचारा. उत्तर मिळाले नाही तर घरी परत जा. आणि कधी तुम्हालाच कोणी विश्वासाने विचारले, तर पहिल्याच दिवशी खरे सांगा. सुलक्षणेनेही खरे सांगितले होते, पण चार महिन्यांनी.