दाबा, धरा, सोडा

डॉन एलिसेओंना गाडी चालवता येत नाही, ही त्या घरातली इतकी जुनी थट्टा होती की तिच्यावर आता कुणी हसतही नसे. असुल गावच्या पोस्टात चाळीस वर्षं त्यांनी पत्रं निवडली आणि चाळीसही वर्षं ते सायकलवरूनच गेले-आले. माळावरचा वारा समोरून आला की उतरून सायकल ढकलत, पण कुणी गाडी थांबवून बोलावलं तरी बसत नसत. "मला दोन चाकं पुरतात," एवढंच म्हणत. विवियाना, त्यांची एकुलती एक मुलगी, त्या सायकलच्या कॅरिअरवर बसूनच मोठी झाली. दोन वर्षांपूर्वी आई, एल्विरा, गेली. घरातले फोटो तर फार आधीच, ऐंशी सालच्या पुरात वाहून गेले होते. म्हणजे विवियानाच्या लहानपणाचा साक्षीदार म्हणून जगात आता हा एकच माणूस उरला होता, आणि या महिन्याच्या अखेरीला तो भाड्याचं घर सोडून कायमचा तिच्याकडे राहायला येणार होता. मागच्या खोलीला तिने स्वतः रंग दिला होता.

तिचा नवरा फाबियान तंत्रशाळेत शिकवायचा, आणि माणसांपेक्षा त्याला खोलून ठेवलेल्या वस्तूंचा लळा जास्त होता. मार्चमध्ये त्याने तापाल्केजवळच्या एका शेतावरून अडुसष्ट सालची स्टेशन वॅगन ट्रेलरवर घालून आणली आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी केली. लांबलचक, फिकट हिरवी, दारांखाली गंज चढलेली, टपावर कोंबड्यांची शीट वाळलेली. बाहेरून होती तशी ठेवायची आणि आतून मात्र आजच्या रस्त्याच्या लायकीची करायची, असा त्याचा बेत होता : पुढच्या चाकांना ड्रम काढून डिस्क ब्रेक, नवं इग्निशन, आणि मागच्या लांब सीटवर सीट बेल्टचे तीन पट्टे.

"दोघांच्या घराला मागे तीन पट्टे कशाला रे?" विवियानाने विचारलं.

"एक तुझा, एक सासऱ्यांचा, आणि एक तू ज्याच्यासाठी जागा धरून ठेवतेस त्याचा."

ही त्याची नेहमीची चेष्टा. बसमध्ये, चर्चच्या बाकावर, घरातल्या सोफ्यावर, विवियाना कुठेही बसली की उजवीकडे वीत-दीड वीत जागा सोडून बसे. ते तिच्या लक्षातही येत नसे. आई त्यावरून लहानपणी तिच्यावर फार चिडायची. बाबा मात्र कधी काही बोलले नव्हते.

पहिल्या रविवारी डॉन एलिसेओ नेहमीसारखे पेस्ट्रीचा पुडा घेऊन आले आणि शेडच्या दारातच थांबले.

"कुठून आणलीस?"

"तापाल्केहून."

"त्याआधी कुणाची होती?"

"कागदांवर तीन नावं आहेत. आपल्या ओळखीचं एकही नाही," फाबियान म्हणाला. तो गाडीच्या पाठीमागच्या, डिकीच्या दाराशी झटत होता. काच खाली केल्याशिवाय ते दार उघडत नसे, आणि काच काही केल्या हलत नव्हती. डॉन एलिसेओंनी पुडा विवियानाच्या हातात दिला, पुढे होऊन काचेच्या डाव्या कोपऱ्यावर तळवा टेकवून तिला जरा आत रेटलं आणि दुसऱ्या हाताने किल्ली फिरवली. काच मुकाट्याने खाली गेली.

"वा, डॉन एलिसेओ. तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात."

"दार म्हणजे दार. पोस्टातली कपाटं अशीच अडायची."

फाबियान हसला. विवियानाच्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली. पोस्टातली कपाटं तिने लहानपणी शंभरदा पाहिली होती, आणि त्यांना काचा नव्हत्या.

भांडी विसळताना तिने हे नवऱ्याला सांगितलं, तेव्हा त्याने ते उडवून लावलं. जुन्या काचा अशाच अडतात, कुणा शेजाऱ्याची गाडी पाहिली असेल. म्हाताऱ्या माणसाला एक गोष्ट जमली तर जमू दे की. त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि तरी त्या दिवसापासून ती बापावर नजर ठेवू लागली. याची तिला शरम वाटत होती, पण नजर काही हटत नव्हती.

पूर्वी फक्त रविवारी येणारे डॉन एलिसेओ आता अधूनमधून आठवड्यातही येऊ लागले, तेही ही दोघं कामावर असताना. घराची किल्ली त्यांच्याकडे होतीच. आले की एकच धोशा : जुनं कशाला ठेवता, छताचं अस्तर बदला, गाद्या बदला, ते सीटचं कापड कुजलंय. कापड कुजलेलं नव्हतं; तिने हात फिरवून पाहिला होता. मग एका बुधवारी ती औषधांच्या दुकानातून घरी आली तर मागच्या अंगणात धूर. मांस भाजायच्या विटांच्या चुलीत बाबा झाडाच्या वाळक्या पानांबरोबर सीटचं सगळं कापड जाळत होते, पुढचंही आणि मागचंही, आणि शेडमध्ये गावातला गादीवाला नव्या कापडाची मापं घेत बसला होता.

"माझ्याकडून भेट," ते काठीने राख ढवळत म्हणाले. "तुमच्याकडे राहायला येणार, तर रिकाम्या हाताने कसा येऊ?"

रात्री जेवताना फाबियान विवियानाजवळ हळहळला. "मूळचं कापड होतं गं. कुठे मिळणार आता तसलं? आणि खराब म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं. पुढच्या सीटच्या पाठीला तेवढं दोन जागी घासलं होतं. मागे बसलेली पोरं बुटांनी लाथा मारतात ना, तसं." त्याने दोन मुठी टेबलावर हातभर अंतराने ठेवून दाखवल्या. "एक इथे, एक इथे."

पुढच्या रविवारी माते नावाच्या कडवट हिरव्या चहाचा पेला बापलेकीत फिरत असताना तिने सरळ विचारलं.

"बाबा, आपल्याकडे कधी गाडी होती?"

"नव्हती."

"पुराच्या आधी? मी अगदी लहान असताना?"

"नव्हती म्हटलं ना, पोरी."

त्यांनी पेला भरून तिच्याकडे सरकवला. पाणी गार झालं होतं. गार पाण्याचं माते कुणी पुढे केलं तर उठून जाणारे तिचे बाबा, त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. तिला सत्यच हवं होतं असंही नाही. एखादं नीट जुळवलेलं खोटं त्यांनी सांगितलं असतं तर तिने ते आनंदाने पदरात घेतलं असतं, कारण या माणसाने तिला ताप असताना रात्र रात्र मांडीवर घेतलं होतं, तिच्या वह्यांना कव्हरं घातली होती, आणि तिचं त्याच्यावर फार प्रेम होतं. पण त्यांनी तेवढंही केलं नाही, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

डिस्क बसल्या तो रविवार महिन्याचा शेवटचा. मागच्या खोलीत पलंग येऊन पडला होता. आता ब्रेकमधली हवा काढायची होती आणि त्याला दोन माणसं लागतात : एक चाकाशी पाना घेऊन, एक पेडलवर. पेडलचं काम नेहमी विवियाना करायची.

"माझा गुडघा दुखतोय," ती धडधडीत खोटं बोलली. "बाबा, तुम्ही बसा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं काही नाही त्यात," फाबियान चाकाआडून म्हणाला. "दाबा म्हटलं की दाबा, धरा म्हटलं की धरून ठेवा, सोडा म्हटलं की सोडा. पत्रांवर शिक्के मारण्यापेक्षा सोपं आहे."

ते डावीकडच्या स्टिअरिंगमागे बसले. विवियाना दाराला टेकून पाहत होती. त्यांचा हात खाली न बघता सीटखालच्या खटक्याकडे गेला आणि सीट एक घर पुढे आली. स्टिअरिंगच्या बाजूचा गिअरचा दांडा त्यांनी दोन बोटांनी हलवून न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करून घेतली. मग आरसा फिरवला, खाली, आणखी खाली, मागच्या रस्त्याऐवजी मागची सीट दिसेल एवढा.

"दाबा. धरा. सोडा." पाय ना आधी पडला ना नंतर. बाटलीतल्या नळीतून बुडबुडे येत होते, कमी होत होते, थांबले. फाबियानने चाकं चढवली, जॅक काढला, हात पुसले. "आता बघू धरतोय का. इंजिनाची गरज नाही, मी मागून फाटकापर्यंत ढकलतो. सांगितलं की ब्रेक मारा."

विवियाना बाजूचं दार उघडून मागच्या सीटवर बसली, मुद्दाम मधोमध, आरशात बाबांचे डोळे दिसतील अशी. नव्या कापडाला अजून डिंकाचा वास होता. डोळे वर आले, तिच्यावर थांबले.

"तिथे नको बसूस."

"मग कुठे बसू?"

मागून फाबियानने जोर लावला आणि गाडी माणसाच्या चालीने शेडच्या उतारावरून बाहेर, दुपारच्या उन्हात आली.

"ब्रेक."

पाय पडला. गाडी जागच्या जागी थांबली, नाकावर किंचित झुकली, आणि त्याच क्षणी डॉन एलिसेओंचा उजवा हात स्टिअरिंग सोडून, सीटच्या पाठीवरून, मागे न बघता झपकन मागे आला. त्यांचं मनगट विवियानाला आडवं लागलं, पण छातीशी नाही. खाली, पोटाशी, तीन वर्षांच्या मुलीची छाती जिथे यावी तिथे. आणि हात तिथे संपला नव्हता. तळवा तिला ओलांडून उजवीकडे गेला होता आणि तितक्याच उंचीवर, रिकाम्या जागेसमोर, बोटं पसरून घट्ट उभा होता.

"धरतोय," फाबियान मागून खुशीत म्हणाला. "मस्त धरतोय. आता सोडा."

पाय उचलला गेला. गाडी जराशी पुढे सरकली. हात तिथेच राहिला. आरशात बाबांचे डोळे मिटलेले होते. विवियानाने त्या तळव्याकडे पाहिलं, मग त्याच्या खाली, नव्या कापडावर ठेवलेल्या स्वतःच्या उजव्या हाताकडे. मूठ मिटलेली होती, पण पुरती नाही. आत दोन लहान बोटं मावतील एवढी जागा तिने सोडली होती.