इतवारीच्या कार्डावरचे ठिपके

"बारा बॉल झाले, चाचा. एक बी सिक्स नाई. हा इतवारीच हाय का दुसराच कोणी?"

प्रफुलने फासे छापखान्याच्या काउंटरवर ठेवले. चंद्रपुरात त्याचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं आणि बशीरचाचांनी बनवलेल्या क्रिकेटच्या खेळाच्या दोनशे पेट्या घ्यायला तो मूल या गावी आला होता. खेळ सोपा होता. एक लाल फासा, एक पांढरा, दोन्ही मिळून छत्तीस घरं. प्रत्येक खेळाडूच्या कार्डावर त्या घरांत त्याच्या खऱ्या धावा वाटलेल्या. बोलिंग धुणाऱ्याच्या कार्डावर चौके जास्त, टुकटुक करणाऱ्याच्या कार्डावर टुकटुकच.

पोटासाठी चाचा लग्नपत्रिका छापत. पण आयुष्य गेलं ते मैदानाच्या कडेला, स्कोअरची वही मांडीवर घेऊन. एकतीस वर्षांत आसपासची एकही टूर्नामेंट त्यांनी सोडली नाही. निकाह माझ्याशी आणि संसार वहीशी, असं अख्तरीबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. त्याच वह्यांवरून दोन वर्षं खपून चाचांनी चव्वेचाळीस खेळाडूंची कार्डं केली होती. हा खेळ लोकांच्या हातात गेला नाही, तर आपल्यामागे वह्या रद्दीत जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"माह्या बाप अजून इतवारीच्या सिक्सा सांगते," प्रफुल म्हणाला. "लोक त्याच्यासाठीच पेटी घेतीन. पाच-सहा घरात सिक्स टाका, सौदा पक्का."

"वहीत हाय तेच कार्डात, बाप्पा. सिक्सचं एकच घर भरते. बाकी दोनच दोन."

"मंग राहू द्या."

प्रफुल उठला. चाचांच्या मनात आलं, चार आकडे बदलले तर कोणाला कळणार होतं? पण एक कार्ड खोटं केलं की उरलेल्या त्रेचाळीसांवर कोण विश्वास ठेवणार? चाचांनी फासे उचलून पेटीत टाकले.

तेवढ्यात खुद्द इतवारी आत आला. शेजारच्या राईस मिलवर तो चौकीदार होता आणि चारचा चहा रोज इथेच घ्यायचा. त्याने चष्मा लावून काउंटरवरचं आपलं कार्ड वाचलं. चाचांना त्याच्याकडे बघवेना.

"बरोबर हाय," इतवारी म्हणाला. "बांधीतले दोनच."

हाच तो इतवारी, हे प्रफुलच्या ध्यानात आलं आणि तो परत बसला. "कोणती बांधी, भाऊ?"

"मैदानाच्या बाजूले चैतूची धानाची बांधी. दिवाळीच्या टूर्नामेंटले धान उभंच राहे. बॉल तिथी गेला का दोनच रन, अन् शोधाले कोणी आत जायाचं नाई, असा ठराव होता. बाकीच्यायनं तिकडं मारनंच सोडलं. माह्या हात तिकडंच फिरे." तो हसला. "एका फायनलले शेवटच्या बॉलवर चार पायजे होते. बांधीच्या पार मधात टाकला. दोन भेटले. तवापासून लोक मले दोनवाला म्हणते."

सांगितलं हसतच, पण चहाचा कप तसाच खाली ठेवला.

चाचांनी कपाळावर हात मारला. "मी बी कसा येडा!" त्यांनी वही ओढून उघडली. काही दोनच्या आकड्यांखाली पेन्सिलीचा ठिपका होता. बॉल बांधीत हरवला की ते ठिपका देत आणि धान कापून झालं की ठिपके मोजून तेवढे बॉल शोधायला जात. बॉल सापडले, ठिपक्यांचं काम संपलं, असं समजून कार्ड करताना त्यांनी ते सोडूनच दिले होते. एकतीस वर्षं डोळ्यांत तेल घालून लिहिलं आणि वाचताना नेमकं तेच सुटलं.

अर्धा तास मोजणी चालली. मग चाचांनी कार्डावर दोनच्या पाच घरांत शाईचे ठिपके दिले. "मूलच्या मैदानात ठिपक्याले दोन. मोकळ्या मैदानात सहा."

"हे तं तुम्ही आता मनानं केलं," प्रफुल म्हणाला.

शंका रास्त होती. चाचांनी दुसरी वही काढली. "हे गोंडपिपरी. मोकळं मैदान. कार्डं मूलच्या मैदानावरचीच केली, इथचे रन मी त्याच्यात धरलेच नाई. इतवारीभाऊ एकशेदोन बॉल खेळला, सिक्स सतरा. टाका फासे एकशेदोन वेळा."

प्रफुल टाकू लागला. प्रत्येक सिक्सला इतवारी आगपेटीतली एक काडी बाजूला ठेवी. पन्नास बॉल झाले तरी काड्या सहाच. मग लागोपाठ दोन सिक्स पडले, थोड्या वेळाने आणखी तीन. एकशेदोनावा बॉल पडल्यावर इतवारीने काड्या दोनदा मोजल्या. सोळा होत्या.

"एक कुठी गेला?" इतवारीने विचारलं.

"चैतूच्या बांधीत असन!" चाचा म्हणाले आणि तिघंही पोट धरून हसले.

"दोनशे नाई, तीनशे पेट्या द्या," प्रफुल म्हणाला. "अन् ठिपके ठळक छापा."

चाचांचा ऊर भरून आला. आपली वही खरी ठरली, आणि वहीपेक्षा जास्त तो माणूस खरा ठरला, याचा आनंद त्यांच्या मनात मावेना. त्यांनी त्या फायनलचं पान उघडलं आणि शेवटच्या दोनवर बोट ठेवलं. खाली ठिपका होता. इतवारीने त्या ठिपक्यावरून हलकेच बोट फिरवलं.

मिलच्या फाटकावर ट्रकने हॉर्न दिला. इतवारीने शाईचे ठिपके दिलेलं कार्ड खाकी शर्टाच्या खिशात ठेवलं, वरून बटण लावलं आणि निघाला. चाचा दारात उभं राहून बघत होते. इतवारीने फाटक उघडलं आणि ट्रकला आत घेताना दोन्ही हात सरळ डोक्यावर नेले, अंपायर सिक्स देतो तसे. ड्रायव्हरला काही समजलं नाही. ट्रक आत गेला तरी इतवारीचे हात वरच होते.